नकोशा फुलाचं बारसं

ढेकूण, वाळवी, गाजरगवत यांचं बारसं कोणी केलं असेल, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. त्रास देणाऱ्या गोष्टी पहिल्यापासून होत्याच, असं आपण धरून चालतो. मला तो प्रश्न गेल्या हिवाळ्यात पडला. उत्तर शोधता शोधता मी थेट १८५८ सालच्या इंग्लंडात, नुकतीच बायको गेलेल्या एका अतिशय धार्मिक आणि अतिशय हट्टी माणसाच्या घरी जाऊन पोचलो. त्याची ही गोष्ट. लांबली आहे, चहा घेऊन बसा.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण आमच्या घरातली खाऱ्या पाण्याची टाकी ही काय भानगड आहे ते निम्म्या नातेवाइकांना अजून कळलेलं नाही. टाकीत मासे मोजून चार. बाकी सगळी पोवळी, म्हणजे प्रवाळ. ती जगतात एका खास प्रकारच्या दगडांच्या जोरावर. इकडे अमेरिकेत त्याला 'लाइव्ह रॉक' म्हणतात, मी त्याला जिता दगड म्हणतो. मावशी, "दगड काय विकत घेतोस रे, रस्त्यात मिळत नाहीत का?" असं तू फोनवर विचारलं होतंस, त्याचं उत्तर पुढे येतं.

तर ऑफिसातला एक मित्र दुसऱ्या राज्यात निघाला आणि जाताना त्याने आपली टाकी मोडली. बारा वर्षं मुरलेले वीसेक किलो दगड मला फुकट मिळाले, तीन झाकणाच्या बादल्यांतून. जुने दगड कधीही सरळ टाकीत घालायचे नाहीत, हा या छंदातला पहिला नियम. म्हणून ते तळघरात वेगळ्या पिंपात ठेवले, पाणी गरम आणि खेळतं ठेवलं. दुसऱ्या रात्री टॉर्च घेऊन बघतो तो काय, दगडाच्या भोकाभोकातून एकेक फूल उमललेलं! बोटाच्या पेराएवढं, फिकट तपकिरी, काचेसारखं आरपार दिसणारं, कडेने नाजूक लांब पाकळ्या. काडीने स्पर्श केला की सुर्रकन आत. बायको म्हणाली, "किती सुंदर!" खरंच सुंदर. आणि या छंदातला कोणीही माणूस ती बघितली की कपाळाला हात लावतो. यांचं नाव आयप्टेशिया.

हे फूल अर्थातच फूल नाही. सी ॲनिमोन, म्हणजे समुद्रफूल. प्राणी आहे, प्रवाळाचा जवळचा भाऊबंद, फक्त हाडाचा सांगाडा नसलेला. ओहोटीच्या वेळी कोकणातल्या खडपावर डबक्यांत डोकावलेल्या मंडळींनी याचे गाववाले बघितले असतील. पाकळ्या म्हणजे त्याची बोटं, आणि प्रत्येक बोटात हजारो सूक्ष्म डंख. शेजारी पोवळं असेल तर आयप्टेशिया त्याला डंख मारमारून मागे हटवतं आणि जागा बळकावतं. पण खरी पंचाईत पुढेच आहे. त्याला उपटायला जावं तर तळपायाचा एखादा कण दगडाला चिकटून राहतो, आणि त्या कणापासून नवं आयप्टेशिया तयार होतं. उपटलंच पाहिजे असंही नाही. ते नुसतं दगडावरून सरकलं तरी मागे पायाचे तुकडे सोडत जातं. देवीच्या गोष्टीतला रक्तबीज आठवा. जितके थेंब सांडाल तितके राक्षस.

मग असं वाटलं, की ज्याने कोणी याला हे इतकं गोड नाव दिलं त्याला हे माहीत होतं का?

नाव देणारा होता फिलिप हेन्री गॉस. आज त्याचं नाव फारसं कोणाला ठाऊक नाही, पण घरात समुद्र ठेवायचं वेड ज्या माणसाने जगाला लावलं तो हाच. त्याच्याही आधी एक-दोन जण होते, आणि त्यातल्या एक बाई मला फार आवडतात. ॲना थिन त्यांचं नाव. नवरा वेस्टमिन्स्टर ॲबेतला मोठा धर्माधिकारी. १८४६ साली या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही जिवंत प्रवाळ लंडनला आणले आणि काचेच्या भांड्यात जगवले. पाण्यात हवा मिसळायची कशी? पंप नाही, वीज नाही. त्यांची मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीशी उभी राहून ते पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत असे. (आम्ही तापलेला चहा बशीत वरखाली करतो तसं.) नंतर बाईंनी भांड्यात समुद्रातल्या वनस्पती घातल्या आणि ते काम जरा हलकं झालं. त्या मोलकरणीचं नाव कुठे वाचायला मिळालं नाही. पहिला एअरपंप मात्र तीच!

वनस्पती प्राणवायू देतात आणि प्राणी तो वापरतात, तेव्हा दोघांचा समतोल साधला तर बंद काचेत जीवन टिकू शकतं, हे १८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने लंडनमध्ये दोन गोल्डफिश, एक पाणवनस्पती आणि काही गोगलगायींवर दाखवून दिलं. गॉसने तेच समुद्राच्या पाण्यात केलं. १८५३ च्या मे महिन्यात लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगातलं पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं, त्यात गॉसने जमवलेले प्राणी होते. १८५४ साली त्याचं 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि इंग्लंड वेडं झालं. काचेवरचा कर १८४५ मध्येच उठला होता, त्यामुळे काच स्वस्त झाली होती. रेल्वे समुद्रकिनाऱ्यापर्यंत पोचली होती. मध्यमवर्गाच्या हातात थोडा पैसा आणि थोडा वेळ आला होता. दिवाणखान्यात पियानोशेजारी समुद्राची टाकी आली. ज्यांना समुद्र लांब पडे त्यांच्यासाठी गॉसने मीठ-क्षार मिसळून कृत्रिम समुद्रपाणी करायची कृतीही छापली. आज मी पिशवीतलं मीठ बादलीत ढवळतो ते त्याचंच पुढचं रूप.

आता इथे एक गंमत आहे. त्या टाक्यांमध्ये लोक मुख्यतः काय पाळायचे? मासे नाही, समुद्रफुलं. कारण साधं आहे, मासे मरायचे. प्राणवायू कमी, पाणी उन्हाळ्यात तापणारं, गाळणयंत्र नाही. समुद्रफूल मात्र टिकायचं. खायला नाही मिळालं तर आकसून बसेल, पाणी वाईट झालं तर मिटून घेईल, बरे दिवस आले की पुन्हा उमलेल. गॉसने त्यांना बीडलेट, डेझी, डेलिया अशी घरगुती नावं दिली. बायका-मुलं ती नावं बागेतल्या फुलांसारखी घेऊ लागली.

चिवटपणाचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे एडिंबराची 'ग्रॅनी'. सर जॉन डॅलिएल या स्कॉटिश निसर्गअभ्यासकाने १८२८ मध्ये नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून एक लाल समुद्रफूल घरी आणलं. काचेच्या बरणीत ठेवलं, अधूनमधून खाऊ घातलं, पाणी बदललं. १८५१ साली डॅलिएल वारले, ग्रॅनी जिवंत. ती पुढच्या अभ्यासकाकडे गेली. तोही वारला, ती तिसऱ्याकडे गेली. असं करत करत वंशपरंपरागत दागिन्यासारखी ती हस्तांतरित होत राहिली आणि शेवटी एडिंबराच्या वनस्पती उद्यानात १८८७ मध्ये मेली. बरणीत एकोणसाठ वर्षं! मधल्या काळात तिला शेकडो पिल्लं झाली. 'स्कॉट्समन' या वर्तमानपत्राने तिचा मृत्युलेख छापला.

ही चिकाटी त्याच्याही शंभर वर्षं आधीपासून लोकांना भुरळ घालत होती. फ्रान्समधल्या ल हाव्रचा दिकमार नावाचा एक पाद्री समुद्रफुलं कात्रीने कापायचा आणि तुकडे परत वाढतात का ते बघायचा. त्याचा लेख १७७३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आला. कापलं तर मरत नाही, वाढतं, हा त्या काळी चमत्कार होता. रक्तबीज तोच, पण बघणाऱ्याच्या डोळ्यांत कौतुक होतं.

असो. गॉसकडे परत येऊ.

१८५७ हे वर्ष त्याला फार वाईट गेलं. फेब्रुवारीत त्याची बायको एमिली स्तनाच्या कर्करोगाने गेली, उपचारांचे भयंकर हाल सोसून. सात वर्षांचा एडमंड हा एकुलता एक मुलगा मागे राहिला. त्याच वर्षी गॉसने 'ओम्फालॉस' नावाचं पुस्तक लिहिलं. बायबल आणि भूगर्भशास्त्र यांचा मेळ घालायचा त्याचा खटाटोप. देवाने पृथ्वी निर्माण केली तीच मुळी जुनी दिसणारी, जीवाश्मांसकट, असा त्याचा मुद्दा. त्याला वाटलं होतं दोन्ही बाजू खूश होतील. शास्त्रज्ञ हसले आणि धार्मिक लोक चिडले. (देवाने दगडांत खोटं लिहून ठेवलं की काय, असं त्यांचं म्हणणं. रास्तच होतं.) लंडन सोडून गॉस मुलाला घेऊन डेव्हनच्या किनाऱ्यावर सेंट मेरीचर्चला राहायला गेला. रोज ओहोटीला खडकांवर जायचं, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं, जे मिळेल ते घरी आणून भिंगाखाली बघायचं आणि रंगवायचं. तिथे त्याने ब्रिटनमधल्या सगळ्या समुद्रफुलांचा ग्रंथ हाती घेतला, 'ॲक्टिनॉलॉजिया ब्रिटानिका'. तो १८५८ पासून भागाभागाने छापला गेला आणि १८६० मध्ये पुरा झाला. मला राहून राहून वाटतं, त्या दोन-तीन वर्षांत या माणसाला कोणी सावरलं असेल तर त्या फुलांनी.

१८५८ सालीच, ही सगळी फुलं नीट कुळांत लावताना, कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर सापडणाऱ्या एका जातीसाठी त्याने नवं कूळ केलं आणि त्याला नाव दिलं आयप्टेशिया. ती जात कॉक्स नावाच्या अभ्यासकाने १८५१ मध्येच नोंदवली होती, पण दुसऱ्याच कुळात. गॉसने तिला स्वतःचं घर दिलं. शिवाय एक लाडाचं इंग्रजी नावही दिलं, 'ट्रंपलेट'. छोटीशी तुतारी. खाली अरुंद, वर पसरट. तळघरातल्या माझ्या पाहुण्यांकडे बघितलं की हे नाव अगदी पटतं.

म्हणजे बारसं असं झालं. द्वेषाने नाही, कौतुकाने.

पण गॉसच्या कौतुकाची किंमत दुसऱ्याच कोणी मोजली. पुस्तकं खपली, लोक रेल्वेने किनाऱ्यावर लोटले, हातात छिन्नी-हातोडा आणि बरण्या. खडक फोडून फुलं काढली गेली. घरी नेली, त्यातली बरीचशी आठवड्यात कुजली, मग परत नवीन. एडमंड मोठा होऊन नामवंत साहित्यिक झाला. त्याने १९०७ मध्ये 'फादर अँड सन' हे वडिलांबद्दलचं पुस्तक लिहिलं, त्यात एक विलक्षण हळहळीचा भाग आहे. लहानपणी बघितलेली ती भरलेली डबकी आता उरली नाहीत, गोळा करणाऱ्यांच्या फौजेने ती ओरबाडून नेली, आणि याला नकळत आपले वडीलच कारणीभूत झाले, असं तो लिहितो. वडिलांना हे कळत होतं आणि त्याचं त्यांना फार वाईट वाटायचं, हेही तो सांगतो. ज्या माणसाने ईश्वराची कारागिरी लोकांना दाखवायची म्हणून पुस्तक लिहिलं, त्याच्याच वाचकांनी ती खरवडून नेली.

वेड १८६० च्या दशकाअखेर ओसरलं. टाक्या माळ्यावर गेल्या. काही मोठी सार्वजनिक मत्स्यालयं टिकली, दिवाणखान्यातला समुद्र मात्र आटला. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं घरगुती टाकी म्हणजे गोड्या पाण्यातले मासे, एवढंच समीकरण. मधला काळ मी गाळतो.

पुढचा धागा जकार्त्यात सापडतो. ली चिन एंग हा तिथला मत्स्यप्रेमी. १९६१ मध्ये त्याने एका अमेरिकन मासिकात लेख लिहून सांगितलं, की समुद्राचं पाणी, सूर्यप्रकाश, हवेचे थोडे बुडबुडे आणि समुद्रातूनच आणलेले जिवंत दगड एवढ्यावर माझ्या टाकीत प्रवाळ वाढतात. पाश्चात्त्य मंडळी तोवर टाक्या निर्जंतुक ठेवायच्या मागे होती. पांढरं शुभ्र मेलेलं प्रवाळ सजावटीला ठेवायचं, ते महिन्यातून एकदा ब्लीचमध्ये धुवायचं. ली चिन एंगचं म्हणणं नेमकं उलट. दगडावर जे काही आहे ते असू द्या, तेच टाकी चालवतं.

मावशी, हे तुझं उत्तर. हा दगड म्हणजे वादळात तुटलेल्या, मेलेल्या प्रवाळाचे जुने सांगाडे. स्पंजासारखे सच्छिद्र. त्यांच्या पृष्ठभागावरचे जीवाणू माशांच्या मलमूत्रातला विषारी अमोनिया पचवतात. आत खोल, जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथले दुसरे जीवाणू उरलेल्या नायट्रेटचा वायू करून सोडून देतात. वरून गुलाबी-जांभळं शेवाळ, आत किडे, शिंपले, स्पंज. दगड हेच गाळणयंत्र. रस्त्यातल्या दगडात हे काही नसतं.

ही कल्पना रुजायला वेळ लागला. १९७० च्या दशकात पश्चिम बर्लिनमध्ये डीट्रिख श्ट्यूबर आणि त्याच्या मित्रमंडळींनी जिते दगड, जोराचे दिवे आणि पाण्यातली घाण फेसाबरोबर बाहेर काढणारं यंत्र अशी जोड लावली आणि घरात खडकाळ प्रवाळ सर्रास वाढू लागलं. श्ट्यूबरच्या टाकीतल्या एका प्रवाळाच्या फांद्या युरोपभर हौशी लोकांकडे पोचल्या, ग्रॅनीसारख्याच हातोहाती. १९८६ मध्ये अमेरिकेत जॉर्ज स्मिट यांची लेखमाला आली आणि 'मिनी रीफ', म्हणजे घरातला छोटा प्रवाळखडक, ही नवी लाट सुरू झाली.

आणि मग पुन्हा तेच. फरक एवढाच की किनारा डेव्हनचा नव्हता. फ्लोरिडाच्या समुद्रातून आणि फिजीच्या किनाऱ्यावरून दगड निघू लागले, खोक्यांत भरून विमानाने जाऊ लागले, वजनावर विकले जाऊ लागले. प्रवाळखडकाचा पायाच उचलून न्यायचा आणि त्यावर दिवाणखान्यात प्रवाळ जगवायचं! फ्लोरिडाने आधी आपल्या हद्दीत आणि मग अमेरिकेच्या केंद्र सरकारने १९९० च्या दशकात टप्प्याटप्प्याने ही तोड बंद केली. त्याऐवजी खाणीतला चुनखडी दगड ठरावीक जागी समुद्रात टाकायचा, तो मुरू द्यायचा आणि मग काढायचा, अशी शेती सुरू झाली. फिजीने २०१७ च्या अखेरीस जित्या दगडाच्या निर्यातीवर बंदी आणली. भारतात तर प्रवाळ २००१ पासूनच वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे वाघाच्या पंगतीला आहे. खडपावरून पोवळं उचलून आणणं हा तिथे गुन्हा आहे, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांनी लक्षात ठेवावं.

या सगळ्यामुळे जुन्या दगडाला किंमत आली. कोणाची टाकी मोडली की तिचे दगड दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे. समुद्रातून नवे तोडण्यापेक्षा हे शतपटीने चांगलं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण दगडाबरोबर दगडातलं सगळंच येतं. गव्हाबरोबर गाजरगवत आलं म्हणतात ना, तसं. आजचं आयप्टेशिया बहुतेक वेळा समुद्रातून येत नाही, ते टाकीतून टाकीत फिरतं.

मग या दगडांचं करायचं काय? एक पंथ म्हणतो, सरळ मारून टाका. उन्हात महिनाभर वाळवा, ब्लीचमध्ये बुडवा, ॲसिडने धुवा. आयप्टेशिया नक्की मरेल, पण जीवाणूही मरतील, गुलाबी शेवाळ मरेल, बारा वर्षं मुरलेलं सगळं जाईल. उरेल तो रस्त्यातला दगड. दुसरा पंथ म्हणतो, दगड झाकून महिना-दोन महिने काळोखात ठेवा. पेशींमध्ये राहणाऱ्या सूक्ष्म शैवालावर हे फूल बरंचसं अन्न मिळवतं, तेव्हा उजेड नसेल तर उपाशी मरेल. पण ते मरत नाही. पांढरं पडतं, बारीक होतं, पाण्यातलं काहीबाही खातं आणि वाट बघतं. ग्रॅनीच्याच खानदानातलं आहे!

तिसरा उपाय दगड उकळण्याचा. हा कोणीही, कधीही, कुठल्याही परिस्थितीत करू नये. जुन्या दगडांवर आयप्टेशियाशिवाय आणखी एक बटणासारखे गोंडस जीव असू शकतात, झोअँथिड. त्यांच्यापैकी काहींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं, जगातल्या अत्यंत जहाल विषांपैकी एक. हवाईतल्या माउई बेटावरच्या हाना भागात एका डबक्यातलं 'मरणाचं शेवाळ' भाल्यांच्या टोकांना लावत अशी दंतकथा होती. त्यातून शास्त्रज्ञांनी हे विष वेगळं केलं ते १९७१ मध्ये, आणि ते शेवाळ निघालं झोअँथिड. गरम पाण्याने ते वाफेबरोबर हवेत येतं. २०१८ मध्ये इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायर भागात एकाने टाकीतलं प्रवाळ साफ करताना हे विष घरात पसरलं आणि सबंध कुटुंब, शिवाय मदतीला आलेले काही अग्निशमन कर्मचारीसुद्धा, रुग्णालयात पोचले. तेव्हा हातमोजे, चष्मा आणि थंड पाणी. चुलीवर दगड चढवायचा नाही.

उरतात बारीक, चिकाटीचे उपाय. एक तर एकेका फुलाच्या तोंडात सुईने चुना भरायचा. होय, कॅल्शियम हायड्रॉक्साइड, आपण पानाला लावतो तोच विझवलेला चुना. त्याचीच पातळ निवळी प्रवाळाला हाडं करायला म्हणून बर्लिनकर मंडळी टाकीत घालतात आणि त्याचाच घट्ट लगदा आयप्टेशियाला मारतो. आयप्टेशियाला अक्षरशः चुना लावायचा! पण दगडाच्या पाठीमागे, कपारीत, सुई पोचत नाही, आणि अर्धवट मेलेलं फूल दहा पिल्लं देऊन जातं. दुसरा उपाय पेपरमिंट कोळंबीचा. ही लाल रेघांची पारदर्शक कोळंबी आयप्टेशिया खाते, हे २००४ मध्ये प्रयोगांनी नीट तपासलं गेलं. मात्र दुकानात तिच्यासारखीच दिसणारी दुसरी कोळंबी मिळते, आणि ती पोवळी खाते. पाठीवर कुबड असेल तर घेऊ नका.

तिसरा उपाय मला सगळ्यात आवडतो. बर्घिया नावाची बिनकवचाची समुद्री गोगलगाय. पेरभर लांबीची, पाठीवर पांढुरक्या झालरी. ती आयप्टेशिया आणि त्याचे अगदी जवळचे नातलग सोडून काही खात नाही. डंख न फुटू देता गिळते आणि ते आपल्याच पाठीवरच्या झालरीत साठवून स्वतःच्या रक्षणाला वापरते. रक्तबीजाला चामुंडा भेटावी तसं. काम रात्री चालतं, कपारीतही चालतं. आणि शेवटचं आयप्टेशिया संपलं की गोगलगाय उपाशी मरते. म्हणून आमच्या भागातले लोक त्या एकमेकांना देतात. एकाची टाकी साफ झाली की डबीत घालून पुढच्याकडे. माझ्याकडे सहा आल्या, तळघरातल्या पिंपात चार महिने राहिल्या, अंडी घातली, आणि आता अकरा जणी पुढच्या घरी गेल्या आहेत. दगडांवर गेले सात आठवडे एकही फूल दिसलेलं नाही. गुलाबी शेवाळ शाबूत आहे.

या गोगलगायी विकणाऱ्यांना त्या वाढवाव्या लागतात, आणि त्यासाठी लागतं आयप्टेशिया, भरपूर. ते लोक खोल्याच्या खोल्या भरून काचेच्या टाक्यांत आयप्टेशिया पोसतात, त्याला रोज खाऊ घालतात, ते नीट वाढत नाही म्हणून काळजी करतात. गॉसला त्या खोलीत अगदी घरच्यासारखं वाटलं असतं.

मला विचाराल तर या दीडशे वर्षांत फूल बदललेलं नाही, टाकी कशासाठी ठेवायची हे बदललं. गॉसच्या वाचकाला जे जगेल ते हवं होतं. माझ्यासारख्याला जे सहजासहजी जगत नाही ते जगवून दाखवायचं असतं. मग जे आपणहून जगतं ते तण ठरतं. माझ्या आजीच्या परसात तुळशी आपोआप उगवायच्या, ती त्या उपटायची नाही, आळी करून लावायची. मी मात्र तळघरात गोगलगायी सोडल्या, आणि परत वेळ आली तर परत सोडेन.

अजून एक घर आहे जिथे आयप्टेशियाला मान आहे, तो म्हणजे प्रयोगशाळा. समुद्र तापला की प्रवाळाच्या पेशींतलं शैवाल निघून जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. लक्षद्वीपला १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये हे मोठ्या प्रमाणावर झालं. हे शैवाल आणि प्राणी यांचं जमतं कसं आणि बिनसतं कसं, हे पेशीच्या पातळीवर बघायचं तर प्रवाळ फार नाजूक आणि फार हळू वाढणारं. आयप्टेशियाच्या पेशींत तसंच शैवाल असतं, सांगाडा आड येत नाही, आणि ते मरता मरत नाही. त्याच्यातलं शैवाल काढून टाकता येतं, परत घालता येतं. २०१५ मध्ये त्याचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. या कामात 'सीसी७' नावाचा एक वाण सगळ्यात जास्त वापरतात. वाण म्हणजे एकाच आयप्टेशियाच्या पायाच्या तुकड्यांपासून वाढलेली सगळी फुलं, जनुकीयदृष्ट्या एकच प्राणी. एका प्रयोगशाळेतून दुसरीकडे, या देशातून त्या देशात, ते असं पुढे जात राहिलं आहे. डॅलिएलची बरणी एका वेळी एकाच माणसाकडे असे, एवढाच फरक.

जाता जाता एक. २०१४ मध्ये संशोधकांनी टाक्यांतल्या या उपद्रवी जातीला गॉसच्या कुळातून बाहेर काढून वेगळं कूळ दिलं, एक्झायप्टेशिया. त्यामुळे कागदोपत्री माझ्या तळघरात आलेलं फूल गॉसचं राहिलेलं नाही. छंदातले लोक अर्थातच जुनंच नाव घेऊन शिव्या देतात. कॉर्नवॉलची मूळ ट्रंपलेट मात्र अजून आयप्टेशियाच आहे आणि अजूनही तिथल्या खडकांत सापडते. गॉसचा तो ग्रंथ स्कॅन होऊन जालावर फुकट वाचता येतो. रंगीत चित्रं त्याने स्वतः काढलेली आहेत. मजकूर वाचायचा कंटाळा आला तरी पानं नक्की उलटून बघा, मुलांना जवळ घेऊन.